दवाखान्यांची वाट : जालना जिल्ह्यातील वंचित समूह आणि आरोग्य-तंत्रज्ञानाची असमान वाटणी

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीच्या परिसरात अंतरवाली सराटी हे गाव वसले आहे. २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि चार दिवसांत हे नाव राज्यभर पोहोचले. त्या आंदोलनाची बाजू मांडणे वा खोडणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. तथापि त्या आंदोलनाचा एक परिणाम इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावा असा आहे. न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निजामकालीन कागदपत्रे धुंडाळण्यास प्रारंभ केला. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने 'हैदराबाद गॅझेटिअर' हा शब्द गावोगावच्या पारावर जाऊन पोहोचला. एरवी दप्तरखान्यात धूळ खात पडणारी साधने सामान्य माणसाच्या जिव्हाळ्याची झाली.

या साधनांत लोक जातीचा रकाना शोधतात, आणि ते समजण्यासारखे आहे. मात्र त्याच काळातील गॅझेटिअरांत जिल्ह्याच्या वर्णनाच्या शेवटी दवाखाने, खाटा आणि देवी टोचलेल्या माणसांची संख्या यांविषयीच्या दोनचार ओळीही असतात. जातींच्या वर्णनाला पाने आणि दवाखान्यांना ओळी, हे प्रमाणच पुरेसे बोलके आहे. त्या ओळींपासून आजच्या सोनोग्राफी केंद्रापर्यंतचा प्रवास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. मराठवाड्यात आरोग्य-तंत्रज्ञान उशिरा आले, ही तक्रार खरी असली तरी अपुरी आहे. ते कोणत्या वाटेने आले, कोणाच्या हाती आले आणि साध्या उपचाराच्या आधी आले की नंतर, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. छावणी, रेल्वे, बाजारपेठ आणि खासगी नफा यांच्या वाटेने आलेले तंत्रज्ञान दुर्बल समूहांपर्यंत बहुधा दोनच रूपांत पोहोचले. एक तर ते पोहोचलेच नाही, किंवा त्यांच्या शरीरावर काही करण्यासाठी पोहोचले.

येथे 'अल्पसंख्य' या संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ही संज्ञा स्थिर नाही. हैदराबाद संस्थानात मराठी भाषक हे एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे आपल्या जिल्ह्यांत बहुसंख्य असूनही राज्यात अल्पसंख्य होते. १९४८ नंतर तेथील मुसलमान, जे सत्तेशी जोडले गेलेले पण बहुतांशी गरीबच होते, नव्या अर्थाने अल्पसंख्य झाले. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याच्या सुमारे साडेएकोणीस लाख लोकसंख्येत मुसलमान सुमारे १४ टक्के आणि बौद्ध सुमारे ८ टक्के होते. यांखेरीज बंजारा, भिल्ल, पारधी हे समूह आणि दरवर्षी ऊसतोडीसाठी घर सोडणारी कुटुंबे आहेत. आरोग्याच्या संदर्भात संख्येपेक्षा दवाखान्याच्या दारात कोणाचा शब्द चालतो, यावर अल्पसंख्यत्व ठरते. म्हणून ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घेतली आहे.

राजधानीतील क्लोरोफॉर्म

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद शहर हे वैद्यकशास्त्राच्या जागतिक नकाशावरील एक महत्त्वाचे ठिकाण होते, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासलेखनात क्वचितच येते. क्लोरोफॉर्म देताना रुग्ण दगावतो तो श्वास थांबल्यामुळे की हृदय थांबल्यामुळे, हा त्या काळचा मोठा वाद होता. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ मध्ये हैदराबादेत या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी पहिला 'क्लोरोफॉर्म आयोग' भरविला. त्याच्या निष्कर्षांवर लंडनच्या 'लॅन्सेट'ने शंका घेतली, तेव्हा सहाव्या निजामाच्या आर्थिक साहाय्याने १८८९ मध्ये दुसरा आयोग नेमला गेला आणि 'लॅन्सेट'चे प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन स्वतः हैदराबादेत आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. लॉरींचा सिद्धान्त पुढे टिकला नाही, क्लोरोफॉर्म हृदयावरही थेट आघात करतो हे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले. तरीही श्वासावर सतत लक्ष ठेवण्याचा त्यांचा आग्रह भूलशास्त्राला उपकारक ठरला. याच वैद्यकीय विद्यालयात शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिलेची गणना जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये होते. अल्पसंख्य समाजातील स्त्रीला तंत्रज्ञानाच्या केवळ लाभार्थीचे नव्हे तर जाणकाराचे स्थान मिळाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे, आणि ते राजधानीतच घडू शकले. त्यानंतर काही वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी आढळला.

याच संस्थानाच्या औरंगाबाद जिल्ह्यात तेव्हा अंबड हा तालुका होता. राजधानीत भूल देण्याच्या शास्त्राची जागतिक चर्चा चालू असताना गोदाकाठच्या गावातील अडलेल्या बाळंतिणीला सुईण, वैदू, हकीम आणि देवऋषी यांखेरीज आधार नव्हता. संस्थानी राज्यात राजधानी हेच राज्याचे प्रदर्शन असते. जे जगाला दाखवायचे ते तेथे उभे राहते, आणि महसूल मात्र बाहेरून येतो.

जालना शहराची स्थिती काहीशी निराळी होती. तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी १८२७ मध्ये वसविण्यात आली व ती १९०३ मध्ये मोडली. छावणीमागोमाग फौजेचे डॉक्टर आले, पण त्यांचे मुख्य काम शिपायाला लढण्याजोगे ठेवणे हे होते. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. तिच्यासोबत कापसाची पेठ वाढली, आणि त्याच वाटेने प्लेगही आला. प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि त्यांच्या अलीकडेपलीकडे पडलेले दुष्काळ यांत सरकारी वैद्यकाचा सामान्य खेडुताशी जो संबंध आला तो मुख्यतः तपासणी, विलगीकरण आणि टोचणी यांपुरता. आधुनिक वैद्यक खेड्यात प्रथम आले ते अधिकाऱ्याच्या वेशात. टोचणीवाला आला की पोरे लपवायची, ही वृत्ती केवळ अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. ज्या सत्तेने एरवी दवाखाना दिला नाही तिने अचानक सुई घेऊन दारात यावे, यात संशयाला पुरेसे कारण होते.

या चित्राला एक लक्षणीय अपवाद आहे. १८४३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले नारायण शेषाद्री हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने १८६० च्या दशकात जालन्यात काम करू लागले. सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही वसाहत उभारली. तिच्यात मुख्यतः मांग समाजातून आलेले लोक होते. त्याच मिशनच्या परंपरेतून पुढे जालन्यात रुग्णालय उभे राहिले. मिशनऱ्यांचा धर्मप्रसाराचा हेतू लपलेला नव्हता आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. परंतु ज्याच्या नुसत्या स्पर्शाने विटाळ होतो असे गावाने ठरविले होते, त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावणारा हात या भागात प्रथम कोठून आला, याचा शोध घेताना बेथेल टाळून पुढे जाता येत नाही. स्टेथोस्कोप, नाडीपरीक्षा, जखमेची मलमपट्टी ही सारी स्पर्शाची तंत्रे आहेत. अस्पृश्यता मानणाऱ्या समाजात त्यांची उपलब्धता केवळ पैशाने वा अंतराने ठरत नव्हती.

भाषेचा अडसरही दुर्लक्षिण्याजोगा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानाच्या राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले आणि वैद्यकही त्या भाषेत शिकविले गेले. एका भारतीय भाषेत शरीररचनाशास्त्रापासून शल्यचिकित्सेपर्यंतचे ग्रंथ सिद्ध करणारा तो भाषांतर विभाग हे आधुनिक भारतातील एक असामान्य बौद्धिक साहस होते, याविषयी दुमत नसावे. पण संस्थानातील उर्दू भाषकांचे प्रमाण सुमारे एक दशांश होते. मराठी मुलुखातून वैद्यकीय शिक्षणाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला आधी उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे, आणि जो तो ओलांडू शकत असे तो प्रायः शहरी, सुस्थित घरातला असे.

अनुशेषाचे गणित

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. विलीनीकरणाच्या सुमारास आधी रझाकारांनी आणि नंतर सुडाच्या लाटेने जे अत्याचार केले, त्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे विशेष होरपळले. सुंदरलाल समितीच्या अहवालाने त्याची नोंद केली आहे. अनेक शिक्षित मुसलमान कुटुंबे हैदराबाद शहराकडे वा पाकिस्तानात गेली. मागे राहिला तो विणकर, शेतमजूर, खाटीक, बागवान. संस्थानी राजवटीचा लाभ त्याला फारसा झाला नव्हता, पण तिच्या पतनाची किंमत त्यानेही मोजली.

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विभागातील हे पहिलेच. १९७० च्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. पुढे नांदेडला १९८८ मध्ये व लातूरला २००२ मध्ये महाविद्यालये झाली. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२४ साल उजाडले. मधल्या काळात जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले मोठे रुग्णालय काढले ते एका मुस्लीम शिक्षणसंस्थेने, बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे. अल्पसंख्य समाज हा केवळ सेवेचा याचक असतो, या रूढ समजुतीला हे उदाहरण छेद देते. त्या रुग्णालयाच्या खाटांवर कोणत्याही एका धर्माचे रुग्ण नसतात, हे वेगळे सांगावयास नको.

मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा १९८० च्या दशकात 'अनुशेष' या शब्दाभोवती केंद्रित झाली. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरविला. त्यांत मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी, म्हणजे साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास होता. रस्ते, सिंचन, शिक्षण यांबरोबर आरोग्यसेवा हेही एक क्षेत्र त्यात होते. १९९४ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१(२) अन्वये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

दांडेकर समितीचे कार्य पायाभूत आहे. तथापि तिच्या पद्धतीची एक मर्यादा आरोग्याच्या बाबतीत फार जाणवते. राज्याच्या सरासरीशी जिल्ह्याची तुलना करणे हे तिचे सूत्र होते. सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्याला खाटा, इमारती, पदे द्यावयाची. पण जिल्हा हे एकक धरले की जिल्ह्याच्या पोटातील विषमता दिसेनाशी होते. जालन्याच्या बियाणे व पोलाद उद्योगाच्या शेजारची वसाहत आणि मंठा तालुक्यातील एखादा तांडा ही दोन्ही एकाच सरासरीत विरघळतात. प्रादेशिक न्यायाची मागणी करणारे नेतृत्व प्रायः जमीनधारक समाजांतून आलेले होते. त्याने विभागासाठी मागितले ते योग्यच होते, पण विभागात कोणाला मिळाले याचा हिशेब मागण्याची निकड त्याला वाटली नाही.

यंत्र आधी, उपचार नंतर

मराठवाड्यात शासकीय आरोग्यसेवा अपुरी असताना एक यंत्र मात्र झपाट्याने पसरले. गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी आलेल्या तंत्रांचा वापर मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्यासाठी होऊ लागला, तेव्हा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. कायदा आधी आणि अंमल नंतर, असे येथे घडले. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या बीड जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ होती ती २०११ मध्ये ८०७ वर आली. जालन्यात ती ९०३ वरून ८७० झाली. बीडची घसरण राज्यात सर्वांत भयावह होती. २०१२ मध्ये परळी येथे एका विवाहितेच्या मृत्यूने हा व्यवहार उघडकीस आला आणि २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने तेथील डॉक्टर दांपत्यास दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

या आकड्यांकडे आरोग्य-तंत्रज्ञानाच्या वाटणीच्या दृष्टीने पाहिले तर विसंगती उघड होते. ज्या तालुक्यात रक्तपेढी नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद रिक्त आहे, गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन वेळेवर तपासले जात नाही, तेथे सोनोग्राफीचे यंत्र मात्र पोहोचते. कारण त्याला गिऱ्हाईक असते. हे गिऱ्हाईक प्रारंभी तरी गरीब नव्हते. जमीन, हुंडा आणि वारसा यांची चिंता ज्या घरांना होती तीच घरे या सेवेचा खर्च करू शकत होती. हेच यंत्र ज्या बाळंतिणीचा जीव वाचवू शकले असते, तिच्याजवळ त्याची किंमत नव्हती.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांसाठी मराठवाड्यातून लाखो कामगार ऊसतोडीला जातात. बीड हा त्यांचा मुख्य जिल्हा, आणि गोदावरीच्या अलीकडील अंबड, घनसावंगी हे जालन्याचे तालुकेही त्याच पट्ट्यात येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा झाला तर त्याची रक्कम उचलीतून फेडावी लागते. पाळी, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे यांसाठी सुट्टी नाही. उसाच्या फडात ना शौचालय, ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत बाई डॉक्टरकडे जाते, सोनोग्राफी होते, आणि 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये हा प्रकार वर्तमानपत्रांतून गाजल्यावर विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे जवळपास सहातली एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण महाराष्ट्रात तीन टक्क्यांहून कमी होते. दोन्ही सर्वेक्षणांची पद्धत वेगळी असल्याने आकड्यांची काटेकोर तुलना करू नये, पण इतके मोठे अंतर केवळ पद्धतीने पडत नाही.

ऊसतोड कामगारांत वंजारी, बंजारा, दलित आणि अन्य अल्पभूधारक व भूमिहीन समाज मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याविषयी 'आरोग्यसेवेपासून वंचित' हा शब्दप्रयोग सहज केला जातो. येथे तो थांबून तपासावा लागतो. या स्त्रिया शस्त्रक्रियेपासून वंचित नव्हत्या. भूल, शस्त्रक्रियागृह, सोनोग्राफी हे सारे त्यांच्यापर्यंत पोहोचले होते, आणि त्याचे पैसे त्यांनी कर्ज काढून मोजले होते. त्यांना मिळाले नव्हते ते साधे होते : वेळीच प्रतिजैविक, गर्भाशयमुखाची साधी तपासणी, चार दिवस विश्रांती आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत. राज्याच्या विमा योजनेतही हाच कल दिसतो. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व २०१३ मध्ये राज्यभर लागू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (२०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने) ९७१ उपचार व शस्त्रक्रियांसाठी होती. तिने असंख्य गरिबांचे प्राण वाचविले, हे निःसंशय. पण दाखल होऊन घेतलेल्या उपचाराचे पैसे मिळतात आणि रोजच्या काळजीचे मिळत नाहीत, अशी रचना असली की वैद्यकाचा ओढा कोणीकडे राहील हे सांगण्यास अर्थशास्त्र्याची गरज नाही.

धर्माच्या रकान्यातून काय दिसते

अल्पसंख्यांच्या आरोग्याविषयी बोलताना सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मात्र त्यातील एक निरीक्षण बहुतेकदा वगळले जाते. शिक्षण, नोकऱ्या, बँकेचे कर्ज या बाबतींत मुसलमानांची पीछेहाट समितीने दाखविली. परंतु बालमृत्यूच्या बाबतीत मुसलमानांची स्थिती सरासरीने हिंदूंपेक्षा काहीशी चांगली असल्याचेही तिने नमूद केले. शहरात राहण्याचे प्रमाण अधिक असणे हे त्याचे एक कारण सांगितले जाते, पण त्याने सगळा उलगडा होत नाही. त्याच अहवालात मुसलमानांची संख्या मोठी असलेल्या कित्येक खेड्यांत वैद्यकीय सुविधांचा अभाव असल्याचेही आढळते. म्हणजे एकाच समाजाविषयी दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. गरिबी व भेदभाव आहे म्हणून प्रत्येक निर्देशांक वाईटच असेल, असे गृहीत धरणे अभ्यासकास परवडणारे नाही. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये नेमलेल्या महमूद-उर-रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये सादर झाला. त्याची चर्चा प्रामुख्याने आरक्षणाच्या शिफारशीभोवती फिरली आणि आरोग्याचा भाग मागे पडला. आरक्षणाच्या वादात आरोग्य मागे पडण्याची ही सवय कोणत्याही एका समाजापुरती नाही.

जामखेडचा दाखला

मराठवाड्याच्या सीमेला लागून, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी तंत्रज्ञानाचा प्रवाह उलटा फिरविला. गावातील स्त्रिया, त्यांत अनेक निरक्षर आणि दलित, निवडून त्यांना ग्रामआरोग्यसेविका केले. बाळाचे वजन घेणे, जंतुविरहित प्रसूती करणे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखर-पाणी देणे, रक्तदाब मोजणे ही कौशल्ये त्यांच्या हाती दिली. दुष्काळात विंधनविहिरी घेताना त्या दलित वस्तीत येतील अशी योजना केली. सवर्णांना पाण्यासाठी तेथे जावे लागले आणि शिवाशिवीचा गुंता व्याख्यानांविना सैल झाला. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या यशाची नक्कल शासनाने आकाराने केली, आशयाने नाही, असे म्हणावे लागते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ नंतर 'आशा' ही गावपातळीवरील कार्यकर्ती आली. ती जामखेडच्या सेविकेची धाकटी बहीण खरी, परंतु तिला नियमित वेतनाऐवजी कामागणिक मोबदला मिळतो आणि तिचा बराचसा वेळ नोंदी भरण्यात जातो.

साथीच्या काळात

कोविडच्या साथीने या दीर्घ इतिहासाचे सारे धागे एका जागी आणले. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे याच जिल्ह्यातील घनसावंगी मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राबविली गेली. पथके ऑक्सिमीटर व तापमापक घेऊन घरोघरी गेली. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे हे यंत्र तांड्यावर, वस्तीवर, मोहल्ल्यात सारख्याच सहजतेने पोहोचले, ही गोष्ट या विभागाच्या इतिहासात अभूतपूर्व होती.

आणि नेमके त्याच यंत्राविषयी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतून एक अस्वस्थ करणारे संशोधन प्रसिद्ध झाले. मिशिगन विद्यापीठाच्या मायकेल शोडिंग व सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखविले की, ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ टक्के दिसत असताना प्रत्यक्षात रक्तातील प्राणवायू ८८ टक्क्यांखाली असण्याचा प्रकार गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा घडत होता. त्वचेचा रंग गडद असला की प्रकाशावर चालणारे हे यंत्र फसण्याची शक्यता वाढते. यंत्र सर्वांना सारखे वाटले तरी ते सर्वांना सारखे वाचत नाही. हा शोध लागला तो ज्या देशात रुग्णालयाच्या नोंदीत वंशाचा रकाना असतो तेथे, ही बाब ध्यानात घ्यावी लागते.

लसीकरणातही असेच झाले. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी कोविन संकेतस्थळावर पूर्वनोंदणी सक्तीची करण्यात आली. शहरातील तरुण लॅपटॉपवर जागा पटकावून ग्रामीण केंद्रांवर लस घेण्यास मोटारीने जाऊ लागले आणि त्या गावची माणसे पाहत उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे रोजीच्या सुनावणीत या डिजिटल दरीवर बोट ठेवले. त्याच सुमारास पूर्वनोंदणीविना लस देण्याची मोकळीक आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के होते. एका शतकापूर्वी उर्दूचा जो उंबरठा होता, त्या जागी आता पडद्यावरील इंग्रजी आणि भ्रमणध्वनीवरील सांकेतिक आकडा आला होता.

नोंदींचा प्रश्न

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत जालना व हिंगोली ही मराठवाड्यातील दोन होती. येत्या दशकात सीटी स्कॅन, अतिदक्षता विभाग आणि तज्ज्ञ डॉक्टर यांसाठी जालन्याचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या वाटेला कमी लागेल, अशी अपेक्षा धरण्यास जागा आहे. पण त्याचा लाभ कोणाला झाला हे पुढच्या इतिहासकाराने कोणत्या कागदांवरून ठरवावयाचे ? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रके धर्म वा जातीनुसार विभागणी देत नाहीत. सोनोग्राफी कायद्यानुसार प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीचा 'एफ' नमुना भरणे बंधनकारक आहे. त्यात तिचे नाव, वय, पत्ता, अपत्यांची संख्या, कोणी पाठविले, हे सारे येते. ती ऊसतोडीला जाते का, हे विचारणारा रकाना त्यात नाही. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती घेण्याची अट बीड जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांवर २०१९ मध्ये घालण्यात आली. गोदावरीचे पात्र ओलांडले की जिल्हा बदलतो, आणि कोयता मात्र तोच राहतो.